कडी-कोयंडा आणि सायरन

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या गल्लीतील दोन बंद घरे एकाच रात्री फुटली आणि भाऊबीज होते न होते तोच काळेवाडीच्या आमच्या भागात अलार्म विकणारे फिरू लागले. आमच्याही दारी एक तरुण आला. दारे-खिडक्यांना लावायचे चुंबकी सेन्सर, जिन्यात आणि हॉलमध्ये माणसाच्या अंगची उष्णता टिपणारे सेन्सर, भिंतीवर एक पेटी, गच्चीवर सायरन आणि पेटीतल्या सिमकार्डावरून आमच्या मोबाइलवर येणारा फोन, असा सगळा सरंजाम त्याने २८,००० रुपयांत बसवून देऊ केला; दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे ३,५०० वेगळे. आम्ही उभयता मराठी शिकवणारी माणसे, त्यामुळे या वस्तूला रुळलेला मराठी शब्द नाही हेच आधी ध्यानात आले. ('चोरघंटा' म्हणावे तर ती चोराची की चोरासाठी, हा प्रश्न उरतो. गल्लीने तिला 'सायरन' म्हणून टाकले आहे, तेव्हा आम्हीही तेच म्हणतो.) आठवडाभर विचार करून आम्ही त्या तरुणाला नकार कळवला. त्या नकारात कंजूषी किती होती आणि विचार किती, हे स्वतःशीच तपासून पाहावे म्हणून हे टिपण.

घरफोडीची बातमी मराठी वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे एकाच वाक्यात येते: बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी अमुक रुपयांचा ऐवज लंपास केला. साचेबद्ध भाषेचा नमुना म्हणून आपण वर्गात या वाक्याची थट्टा करतो. परंतु ते नीट वाचले तर त्यात जवळजवळ सगळी माहिती आहे. पहिला शब्द 'बंद'. चोर घरात शिरतो तो मुख्यतः ते रिकामे आहे म्हणून. श्रीमंती हा नंतरचा विचार. दुसरा शब्द 'कडी-कोयंडा'. लाखमोलाच्या घराचे दार बहुधा चार स्क्रूंनी लाकडात बसवलेल्या एका पत्र्याच्या पट्टीवर विसंबलेले असते. कुलूप कितीही भारी असले तरी पहारीला कुलपाशी भांडावे लागतच नाही. आणि तिसरा 'ऐवज'. 'ऐवजी' या शब्दाचे हे सख्खे भावंड. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बदला, मोबदला. मुलीच्या लग्नाऐवजी, दवाखान्याऐवजी, म्हातारपणाऐवजी कपाटात ठेवलेले ते सोने. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून चार बांगड्या आणि एक मंगळसूत्र असलेले आमच्यासारखे साधे घरही चोराच्या हिशेबात आले आहे. भीती खोटी नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

काळेवाडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. पवनेच्या एका तीरावर पिंपरी कॅम्प आणि दुसऱ्या तीरावर आम्ही. विजयनगर, ज्योतिबानगर, नढेनगर, तापकीरनगर अशा वस्त्यांतून एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर तीन-तीन, चार-चार मजले उभे राहिले. मालक एका मजल्यावर राहतो आणि उरलेल्या खोल्यांत भाडेकरू: मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहारमधून आलेली, भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसे. कायदा सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयापूर्वीच्या घरफोडीला अधिक कडक शिक्षा सांगतो. जुन्या दंडसंहितेत ती तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. रात्री माणसे झोपलेली असतात, हे त्यामागचे गृहीत. आमच्या गल्लीत ते लागू पडत नाही. दुसरी पाळी संपवून लोक मध्यरात्रीनंतर येतात, पहिल्या पाळीचे पहाटे पाचला डबा घेऊन निघतात, तिसऱ्या पाळीचे दिवसभर पडदे ओढून झोपतात. चोवीस तासांत असा एकही तास नाही की जेव्हा गल्लीत कोणी जागे नाही. मग दिवाळीत ती दोन घरे फुटली कशी? दिवाळीत भाडेकरूही गावी गेलेले होते. मालक गावी, बिऱ्हाडे गावी, पूर्ण इमारतीत एकही दिवा नाही.

आता सायरनकडे वळू. तो बसवलेले एक घर आमच्या समोरच आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या घरचे लोक गावच्या यात्रेला गेले असता रात्री अडीचला तो वाजला. पहिल्या रात्री आम्ही सगळे गॅलरीत आलो, एकमेकांकडे पाहिले आणि सायरन थांबल्यावर आत गेलो. (रस्ता ओलांडून दाराला हात लावून पाहावे, असे आम्हा दोघांनाही सुचले नाही, हे लिहिताना शरम वाटते.) दुसऱ्या रात्री दोन-तीन घरांतच दिवे लागले. तिसऱ्या रात्री तिसऱ्या पाळीच्या सुटीवर असलेल्या एका भाडेकरूने शिव्या देत जाऊन मीटरच्या खोलीतले मेन बंद केले. तरी पेटीतल्या बॅटरीवर तो आणखी बराच वेळ केकाटत राहिला. हॉलमध्ये मांजर शिरत होते, असे नंतर निष्पन्न झाले. मालकाच्या मोबाइलवर तिन्ही रात्री फोन गेले होते. तो दीडशे किलोमीटरवर होता. त्याने करायचे काय? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी खोटे बोलू नये म्हणून ऐकतो, पण ती खरे तर ऐकणाऱ्यांची गोष्ट आहे.

हे काही काळेवाडीपुरते नाही. अमेरिकेत घरोघरी अलार्म आहेत, पण त्यांचे इशारे इतके खोटे निघू लागले की सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० सालापासून, कोणी प्रत्यक्ष जाऊन खात्री केल्याखेरीज नुसत्या सायरनसाठी धावून जाणे बंद केले. इंग्लंड-वेल्समधील गुन्हेगारी पाहणीच्या आकडेवारीवरून त्सेलोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसता अलार्म असलेली घरे अधिक सुरक्षित दिसली नाहीत. दाराची दुहेरी कुलपे, खिडक्यांची कुलपे आणि दिवे यांची जोड मात्र चांगलीच उपयोगी ठरली. उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. न्यूअर्क शहराविषयीच्या २००८ सालच्या रटगर्स विद्यापीठाच्या अभ्यासात जिथे अलार्म वाढले तिथे घरफोड्या कमी झाल्याचे आढळले, आणि त्या शेजारच्या वस्तीत सरकल्या असेही झाले नाही. आम्हाला या दोन निष्कर्षांत फारसा विरोध वाटत नाही. अमेरिकेत पेटीच्या दुसऱ्या टोकाला बहुधा पगारी माणूस बसलेला असतो. आमच्या दारी आलेल्या तरुणाला आम्ही तेच विचारले: वाजल्यावर येणार कोण? तो म्हणाला, ''सर, तुम्हाला फोन येईल ना!''

'मृच्छकटिक' शिकवताना तिसऱ्या अंकात विद्यार्थी हमखास हसतात. शर्विलक भिंतीला भोक पाडण्यापूर्वी ते कमळाच्या आकाराचे असावे की पूर्णकुंभाच्या, याचा विचार करतो, जानव्याने मापे घेतो, किडा सोडून दिवा विझवतो. चौर्यकर्माचे हे शास्त्र इतके रंगते की शूद्रकाने त्या घरात पहारा ठेवला होता हे आपण विसरून जातो. वसंतसेनेचे दागिने दिवसा वर्धमानकाने आणि रात्री मैत्रेयाने सांभाळायचे, अशी चोख वाटणी चारुदत्ताने करून दिलेली आहे. आणि तो मैत्रेयच झोपेत बरळत दागिन्यांची पेटी चोराच्या हाती देतो! आरडाओरडा करते ती रदनिका, दासी. पहाऱ्याच्या वाटणीत तिचे नावसुद्धा नव्हते. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकाला घरचे झालेले हे नाटक आम्ही अनेक वर्षे शिकवले, पण रदनिका आम्हाला दिसली ती गेल्या दिवाळीनंतर.

कारण आमच्या भागातील मालकांची बैठक झाली तेव्हा सायरनबरोबर आणखी दोन गोष्टी ठरू घातल्या. जिन्यातले कॅमेरे भाडेकरूंच्या दारांकडे वळवायचे आणि एकट्या राहणाऱ्या पोरांना खोल्या रिकाम्या करायला सांगायच्या. ज्या दोन घरांत चोरी झाली तिथे त्या रात्री एकही भाडेकरू नव्हता, हे कोणी बोलले नाही. आम्ही बोललो, पण उशिरा आणि हळू आवाजात. भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करणे बंधनकारक आहे, ती करावीच. परंतु नोंद करणे आणि संशयित ठरवणे यांत अंतर आहे. शिवाय सायरन ऐकून दार उघडायचे ते याच पोरांनी. दारावर रोखलेल्या कॅमेऱ्यासमोर राहणारा माणूस रात्री अडीचला मालकाच्या दाराशी कशाला जाईल? गेला तर उद्या तोच चित्रात दिसणार.

पहाऱ्याचा आणि संशयाचा हा गुंता आपल्याकडे जुना आहे. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराची कामे दिली आहेत: रात्री फिरायचे, परका कोण आला-गेला पाहायचे, आणि चोरी झाल्यास चोराचा माग गावाच्या शिवेपर्यंत काढून पुढच्या गावाच्या हवाली करायचा. हा पहारा महार, रामोशी, भिल्ल, मांग यांच्यावर जन्माने लादलेला होता, आणि पाटलाच्या वाड्याचे रक्षण करणारे तेच लोक चोरीनंतर संशयाचेही पहिले धनी होत. ती व्यवस्था गेली, कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, हे योग्यच झाले; तिचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. पण 'वाजल्यावर येणार कोण' याचे उत्तर त्या व्यवस्थेपाशी होते आणि २८,००० रुपयांच्या पेटीपाशी नाही, एवढे नोंदवायला हवे.

तर मग खर्च करू नये काय? सराफाने करावा, एकाकी बंगल्याच्या मालकाने करावा, मुले परदेशी असलेल्या वृद्धांनी मदतीचे बटण असलेला अलार्म जरूर घ्यावा. मात्र त्या बटणाचा फोन चालत येण्याइतक्या अंतरावरच्या माणसाला लागला पाहिजे. आमच्यासारख्या घरमालकाने आधी दार पाहावे. आम्ही सुताराकडून चौकट मजबूत करून घेतली, कोयंडा काढून दाराच्या आतून बसणारे कुलूप घातले, बाहेर लोखंडी दार लावले आणि जिन्यात अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा बसवला. सगळे मिळून सायरनच्या निम्म्याहून थोडे अधिक पैसे गेले, आणि देखभालीचा वार्षिक हप्ता नाही. सोने लॉकरमध्ये नेले. तिथेही डोळे मिटून राहता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार लॉकर फुटल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. दोन हजार भाडे असेल तर दोन लाख, म्हणजे आजच्या भावाने दोन तोळेही नाहीत. घराचा विमा काढणाऱ्यांनीही कागद वाचावेत. २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, भूकंप, पूर यांसाठी आहे. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते, आणि मिळाले तरी कुलूप वा दार बळाने फोडल्याची खूण दाखवावी लागते. (कडी-कोयंडा इथे उपयोगी पडतो, तो उचकटला गेल्यावर!)

कॅमेऱ्यांचे म्हणाल तर आमच्या इमारतीतला एकच आहे आणि तो रस्त्याकडे पाहतो. मालकांच्या बैठकीत यावरून थोडी कटुता आली. एका शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणे कमी केले आहे.

मे महिन्यात आम्ही बारा दिवस कोकणात गेलो. तळमजल्यावर चाकणला तिसऱ्या पाळीत काम करणारी तिघे पोरे राहतात, त्यांतल्या एकाला, जो दिवसभर घरी असतो, आम्ही किल्ली दिली. देताना उभयतांच्या मनात काय आले ते लपवत नाही: कपाटाची किल्ली मात्र आम्ही बरोबर नेली. परत आलो तेव्हा कुंड्यांना पाणी घातलेले होते, विजेचे बिल दाराखाली सरकवलेले नव्हते तर टेबलावर ठेवलेले होते, आणि पोराने सांगितले की चौथ्या रात्री समोरचा सायरन पुन्हा वाजला, तेव्हा तो आणि त्याचा खोलीतला सोबती टॉर्च घेऊन जाऊन पाहून आले. मांजरच होते.