एक टक्क्याची ओवाळणी, पंधरा वर्षांचा दोर

हेंद्रेपाड्यातल्या बचत गटात घराचा विषय निघाला की बैठक लवकर संपत नाही. २०२१ मध्ये एकीने विचारले, "ताई, बाईच्या नावावर घर घेतलं की सरकार पैसे सोडतं म्हणे, खरं का?"

खरेच होते. त्या वर्षी ८ मार्चला, म्हणजे महिला दिनीच, तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजना जाहीर केली होती. घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. आमच्या या मैत्रिणीने तळमजल्यावर ३० लाखांचे घर घेतले. ३० हजार वाचतात म्हटल्यावर नवऱ्यानेही स्वतःच्या नावाचा हट्ट सोडला. जुलैत उल्हास नदीला पूर आला, पाणी घरात शिरले. बदलापूर पश्चिमेला हे नवे नाही. २००५ आणि २०१९ चे पाणीही लोक विसरलेले नाहीत. घर विकावे असे तिच्या मनात आले, तेव्हा कुणीतरी अट वाचून दाखवली: पंधरा वर्षे हे घर पुरुषाला विकता येणार नाही. विकलेच तर सुटलेले शुल्क भरा, वर दंड.

आता याच सरकारचा आदल्या वर्षीचा हिशेब पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीत बांधकाम धंदा बसला म्हणून, मुद्रांक शुल्क कमी केले. मुंबईत ५ टक्क्यांचे डिसेंबरअखेरपर्यंत २ आणि मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के झाले. दोन कोटींची सदनिका घेणाऱ्याचे त्या डिसेंबरात ६ लाख वाचले. त्याला कुणी विचारले का, की बाबा, हे घर तू पंधरा वर्षे कुणाला विकणार आहेस? ६ लाखांना एकही अट नाही आणि ३० हजारांना पंधरा वर्षांचा दोर! बाईच्या नावाआडून पुरुषच व्यवहार करील, अशी शासनाला शंका. शंका पुरुषाची, दावे मात्र बाईच्या गळ्यात.

बरे, ती ओवाळणी तरी टिकली का? शहरांतला १ टक्का मेट्रो अधिभार मार्च २०२० च्या अर्थसंकल्पाने दोन वर्षांसाठी बाजूला ठेवला होता. १ एप्रिल २०२२ ला तो परत आला. मुंबईत सर्वांचा दर ५ वरून ६ झाला, बाईचा ४ वरून ५. म्हणजे आदल्या वर्षी पुरुष जेवढे भरत होता तेवढेच आता बाई भरू लागली. सवलत कागदावर शाबूत, पैसे मेट्रोच्या खात्यात. त्यानंतर सरकार बदलले. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात देवेंद्र फडणवीस यांनी पंधरा वर्षांची अट काढली. चांगले केले. पण मधल्या दोन वर्षांत ज्या बायका अडकल्या, त्यांचा उल्लेख भाषणबाजीत कुठे सापडत नाही.

हे इतके सोपे का जाते, ते आपण समजून घेतले पाहिजे. १९५८ च्या मुद्रांक अधिनियमातले कलम ९ शासनाला शुल्क कमी करण्याचा अधिकार देते. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक आदेश पुरतो. मग कधी बिल्डरांची निकड, कधी महिला दिन, कधी तिजोरीतला खडखडाट, जसा वारा तसा आदेश. पक्ष कुठलाही असो.

आणि खरी गोम वेगळीच आहे. ही सवलत फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावरच्या घराला. नवऱ्याचे नाव जोडले की संपली. आमच्याकडे कर्जाचे हप्ते दोघांच्या पगारातून जातात, आणि जो नवरा घर पूर्णपणे बायकोच्या नावे करायला तयार नसतो, तो निदान दोघांच्या नावे करायला कधी कधी तयार होतो. तेवढ्या जागेसाठीच तर आम्ही घरोघरी भांडतो. दिल्लीत पुरुषाला ६, बाईला ४ आणि दोघांच्या नावे ५ टक्के असे दर वर्षानुवर्षे होते. तिथे जमते ते इथे का जमू नये?

ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, लाडक्या बहिणींना महिना १५०० देणाऱ्या शासनाने १०० आणि २०० रुपयांत होणाऱ्या दस्तांना ५०० रुपये लावले. (त्यात हक्कसोडपत्रही आले, त्याचे मला दुःख नाही. बहिणीची सही घेताना भावाला पाचशे काय, पाच लाख पडोत!)

पुढच्या अर्थसंकल्पाआधी आपल्या गटांनी आमदारांना गाठून दोन गोष्टी लेखी मागाव्यात: पती-पत्नीच्या संयुक्त नावाला निम्मी सवलत, आणि बाईच्या पहिल्या घराला मेट्रो अधिभार माफ. आमच्या गटाच्या पत्रावर पहिली सही तळमजल्यावाल्या मैत्रिणीची आहे.