नीमो कोण होता?



चित्रपट कोणाला आवडत नाहीत? तुम्हांला आवडतात, तसे मलाही आवडतात. त्यातही चित्रपट समुद्रावरच्या साहसाचा किंवा भुताखेतांचा असला, तर जेवणाचेही भान राहत नाही. म्हणून चित्रपट पाहू नका, असा उपदेश मी आज करणार नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की एखाद्या पुस्तकावरून काढलेला चित्रपट पाहिला म्हणजे ते पुस्तक आपल्याला कळले, असे मानू नका. ही गोष्ट मी एका चुकीतून शिकलो. ती चूक माझी स्वतःची होती.

माझे घर पेणजवळ रामवाडीला आहे. शाळेत मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात सागरी साहसकथांचा विषय निघाला. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या पाणबुडीच्या कादंबरीविषयी मी बोलू लागलो. समुद्राखालून वीस हजार लीगांचा प्रवास, ही ती कादंबरी. ती १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली. वीस हजार लीग म्हणजे समुद्राची खोली नव्हे, तर पाणबुडीने कापलेले अंतर, सुमारे ऐंशी हजार किलोमीटर, हेही मी मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. मग फळ्यावर पाणबुडीच्या कप्तानाचे नाव लिहिले, ‘कॅप्टन नीमो’, आणि म्हणालो, “हा एक युरोपियन गृहस्थ होता.”

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती सहसा बोलत नसे. तिचे मराठी अडखळत होते. ती म्हणाली, “सर, नीमो आपल्या मुल्काचा होता. तो बुंदेलखंडचा शहजादा होता.”

सारा वर्ग हसला. खरे सांगायचे, तर मीही हसलो. “बेटा, तू दुसरीच कुठली तरी गोष्ट सांगते आहेस,” असे म्हणून मी तिला खाली बसवले.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या नानांच्या पेटीतले एक जुने उर्दू पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवले. त्याचे मुखपृष्ठ गळून गेले होते. तो व्हर्न यांच्याच दुसऱ्या एका कादंबरीचा तर्जुमा होता. एका गूढ बेटावर अडकलेल्या पाच माणसांची ही कथा १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी म्हातारा नीमो आपली खरी ओळख सांगतो. त्याचे नाव डक्कार. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा भाचा. दहाव्या वर्षी तो युरोपात शिकायला गेला, १८४९ मध्ये मायदेशी परतला आणि १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढला. त्या धुमाळीत त्याचे घरदार नाहीसे झाले. उरलेले आयुष्य त्याने समुद्राच्या पोटात काढले.

हा राजपुत्र काल्पनिक आहे, हे लक्षात ठेवा. टिपू सुलतान १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला लढताना मारले गेले, तेव्हा त्यांचा भाचा १८५७ मध्ये ऐन उमेदीत असणे जुळत नाही. व्हर्न यांचा पहिला विचारही वेगळा होता. त्यांना नीमो पोलंडचा दाखवायचा होता. रशियाचे वाचक दुखावतील म्हणून प्रकाशकांनी ते मान्य केले नाही. पुढे व्हर्न यांनी त्याला हिंदुस्थानी केले. पण एकदा केले ते केले. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पाणबुडीचा मालक हिंदुस्थानी आहे, हे पुस्तकात छापलेले आहे.

मग मला तो गोरा का वाटला? कारण मी पुस्तक वाचलेच नव्हते. लहानपणी टीव्हीवर वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीचा १९५४ चा चित्रपट पाहिला होता. त्यात जेम्स मेसन हे इंग्रज नट नीमो झाले आहेत. चित्रपट देखणा आहे. वादळात प्रचंड माखलाशी झालेली झुंज मला आजही आठवते. दोन ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. परंतु त्यात नीमोच्या हिंदुस्थानचा मागमूस नाही. गुलामांच्या छावणीतून सुटलेला कैदी, असा वेगळाच भूतकाळ त्याला दिला आहे.

चित्रपटवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांनी पहिली कादंबरी घेतली होती आणि तिच्यात नीमोचा देश उघड सांगितलेला नाही. पण खूण आहे. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क मासा झेपावतो. नीमो हातात खंजीर घेऊन माशावर धावून जातो. पाणबुड्या शुद्धीवर येताच नीमो त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो. पुढे तो सांगतो, की हा माणूस पिळल्या गेलेल्या देशाचा आहे आणि आपणही त्याच देशाचे आहोत. वाचणाऱ्याला एवढी खूण पुरेशी आहे.

सगळ्याच चित्रपटांनी असे केले, असेही नाही. १९१६ च्या मूकपटात नीमो हिंदुस्थानी राजपुत्रच होता. १९७३ मध्ये इजिप्तचे ओमर शरीफ नीमो झाले. २००३ मध्ये एका इंग्रजी चित्रपटात आपले नसीरुद्दीन शाह यांनी ही भूमिका केली. पण मी पाहिला होता एकच चित्रपट, आणि तेवढ्यावर मी वर्गात साक्ष दिली.

आता दुसरे उदाहरण पाहू. ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? सपाट डोके, जड पापण्या, मानेत लोखंडी खुंट्या आणि तोंडातून नुसती गुरगुर. हा चेहरा १९३१ च्या अमेरिकन चित्रपटातला. जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने तो बोरिस कार्लोफ या नटासाठी घडवला. त्यानंतर जगभर तोच चेहरा चालू झाला. आपल्या पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत तुम्ही पाहिलेच असेल, एक साचा तयार झाला, की त्यातून शेकडो मूर्ती निघतात. या चेहऱ्याचेही तसेच झाले.

पुस्तकात मात्र काही वेगळेच आहे. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने ही कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नाही, त्याला घडवणाऱ्या तरुणाचे आहे. घडवलेल्या जिवाला नावच नाही. ज्याने जन्म दिला, तोच त्याला पाहून पळून गेला. मग नाव कोण ठेवणार?

हा बेवारस जीव रानात भटकत एका झोपडीपाशी येतो आणि तिला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. भिंतीच्या फटीतून तो घरातली माणसे पाहतो. त्या घरी सफी नावाची तरुणी येते. तिचे वडील तुर्की व्यापारी आणि आई अरब. तिला त्या घरची भाषा येत नाही. घरातला तरुण तिला एकेक शब्द शिकवतो, पुस्तक वाचून दाखवतो. भिंतीपलीकडे हा जीवही तेच धडे गुपचूप गिरवतो. पुढे तो मोठमोठे ग्रंथ वाचतो आणि आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून जाब विचारतो. त्याचे म्हणणे असे, की मी जन्मतः दुष्ट नव्हतो, सर्वांनी मला हाकलले म्हणून मी दुष्ट झालो.

तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता आणि मराठी दुसरी भाषा म्हणून शिकता. तेव्हा सफीचे ते धडे तुम्हांला परके वाटणार नाहीत. पण १९३१ च्या चित्रपटात सफी नाही, ते धडे नाहीत आणि त्या जिवाला वाचाही नाही. शिवाय मदतनिसाच्या चुकीने त्याच्या डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू बसवला जातो, असे दाखवले आहे. पुस्तक विचारते, माणूस वाईट कशाने होतो? आणि सांगते, लोकांच्या तिरस्काराने. चित्रपट सांगतो, मेंदूच वाईट होता. प्रश्न तोच, उत्तर मात्र पार बदलले. कार्लोफ यांनी नुसत्या डोळ्यांतून त्या जिवाचे दुःख दाखवले, हे त्यांचे श्रेय. १९३५ च्या पुढच्या चित्रपटात त्याला थोडे शब्दही मिळाले. तरी पुस्तकातली ती फिर्याद मिळाली नाही.

एकाचा देश गेला, दुसऱ्याची भाषा गेली. या दोन गोष्टी लहान आहेत का, तुम्हीच सांगा.

काही बदल निरुपद्रवी असतात. व्हर्न यांच्याच ऐंशी दिवसांच्या जगप्रवासात फिलिअस फॉग विमानफुग्यात बसत नाही. तो फुगा १९५६ च्या चित्रपटाने दिला, आणि आज पुस्तकाच्या मुखपृष्ठांवरही तो उडताना दिसतो. त्यात कोणाचे नुकसान नाही. पण त्याच कथेतली औदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी आहे. चित्रपटात ती भूमिका शर्ली मॅक्लेन या अमेरिकन नटीने केली. ड्रॅक्युलाचेही तसेच. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या कादंबरीत तो दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यावर दिसतो. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो, ही कल्पना १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने रूढ केली. आज सारे जग तिलाच मूळ कथा समजते.

आपल्याकडेही ही पिशाच्चे आली. रामसे बंधूंच्या १९९० च्या ‘बंद दरवाजा’वर ड्रॅक्युलाची छाया स्पष्ट आहे. याच बंधूंनी काही भयपटांचे चित्रीकरण आपल्या रायगड जिल्ह्यात, मुरुडच्या नवाबांच्या राजवाड्यात केले. आमच्या लहानपणी मुरुडला जाताना तो राजवाडा दिसला, की एस.टी.तली मुले म्हणत, “ती बघ भुताची हवेली!” जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचा तो वाडा आहे आणि त्या घराण्याला शतकांचा इतिहास आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. चित्रपटातले भूत आम्हांला आधी भेटले, आणि इतिहास फार उशिरा.

कोणी म्हणेल, “सर, दोन तासांत चारशे पाने कशी मावतील? काहीतरी गाळावेच लागणार.” हे अगदी खरे आहे. दिग्दर्शक हा नकलनवीस नाही. त्याला कथा बदलण्याचा हक्क आहे. चित्रपटामुळे कित्येकजण पुस्तकाकडे वळतात, हेही मी मान्य करतो. माझी तक्रार चित्रपटाशी नाही. माझी तक्रार पाहणाऱ्याच्या आळसाशी आहे, आणि त्या आळशांत मी पहिला होतो. गाळणे हा दिग्दर्शकाचा हक्क असेल, तर काय गाळले हे शोधणे हा आपला हक्क आहे. आपण तो सोडून का द्यावा?

पुस्तके मिळत नाहीत, ही सबब चालणार नाही. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न यांच्या कथा मराठी मुलांसाठी मराठीत आणल्या. अहमदाबादचे मजहरुल हक अल्वी यांनी ड्रॅक्युला आणि रायडर हॅगार्ड यांच्या साहसकथा उर्दूत आणल्या. तुम्हांला तर दोन्ही भाषा येतात. एका भाषेत पुस्तक नाही मिळाले, तर दुसरीत शोधा. एका दाराने येणाऱ्यापेक्षा दोन दारांनी येणारा अधिक नशीबवान असतो.

तेव्हा एक सवय लावून घ्या. असा एखादा चित्रपट पाहिला, की आधी मूळ लेखक कोण आणि पुस्तक कधीचे, ते शोधा. मग ते पुस्तक मिळवून वाचा. सगळे जमले नाही, तर निदान सुरुवात आणि शेवट वाचा. शेवटी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला लिहा ‘पाहिले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वाचले’. दोन्ही बाजू ताडून पाहा. जे फक्त एकाच बाजूला सापडेल, त्याविषयी वर्गात बोला.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर पुन्हा ‘कॅप्टन नीमो’ लिहिले आणि त्याच्यापुढे ‘बुंदेलखंड, हिंदुस्थान’ असे लिहिले. मग तिला पुढे बोलावून ते शेवटचे प्रकरण वाचायला सांगितले. ती उर्दूतून वाचत होती आणि जमेल तसे मराठीत सांगत होती. तीन-चार वेळा अडखळली. त्या दिवशी कोणी हसले नाही. वाचन संपल्यावर मी सर्वांसमोर तिची माफी मागितली.

तिच्याजवळ पुरावा होता, माझ्याजवळ फक्त आठवण होती. तरी पहिल्या दिवशी वर्गाने माझे खरे मानले, कारण मी शिक्षक होतो आणि चित्रपट सर्वांनी पाहिला होता. मित्रांनो, उद्या तुमच्या वर्गातही कोणी अडखळत एखादी अनोळखी गोष्ट सांगेल. हसण्यापूर्वी एकदा विचारा, “हे तू कोठे वाचलेस?”