पोपटाची बाटली आणि बिननावाची फेणी

लिस्बनला स्थायिक झालेला माझा एक शाळूसोबती गेल्या महिन्यात सुटीवर गावी आला होता. त्याने तांबड्या वाईनची एक बाटली आणली. देताना म्हणाला, "महागडी नव्हे हं. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती. चार-पाच युरोंची." बाटलीवर नाव होते 'पेरिकीता'. पोर्तुगीज भाषेत पेरिकीता म्हणजे छोटा पोपट.

माझे वडील पोर्तुगीज अमदानीत प्रिमेर ग्राव शिकलेले. १९६१ साली ते सोळा वर्षांचे होते. बाटली पाहून म्हणाले, "पाखले गेले, आतां तांचो सोरो कित्याक?" तरीही मी ग्लासात दोन बोटे ओतून दिली. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "पोर्त न्हय ही! जांबळां कशी तुरट लागता."

वडिलांनी अगदी नेमके सांगितले होते. आपल्या गोव्यात वाईन म्हणजे नाताळाला शेजारच्या घरी मिळणारी गोडमिट्ट 'पोर्त'. खरी पोर्त तयार करताना रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचा कडक मद्यार्क घालतात. त्यामुळे आंबणे थांबते आणि साखर मागे उरते. साध्या जेवणाच्या वाईनमध्ये ही साखर जवळजवळ सगळी संपते. मग उरतो आंबटपणा आणि सालीबियांतून उतरलेला तुरटपणा. जांभळात आणि आपल्या काजूच्या बोंडूतही असतो तोच.

आम्ही ती प्यायलो स्टीलच्या नाही तरी चहाच्या काचेच्या ग्लासांतून. आधी चुकलो. एक तर तांबडी वाईन घरातल्या तापमानाला प्यावी, एवढेच ऐकलेले होते. पण ते घर युरोपातले! आपल्या उकाड्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यावर चव सुधारली. दुसरे म्हणजे कोंबडीच्या शागुतीबरोबर ती जमली नाही. मिरचीने तुरटपणा अंगावर आला. मग पोदेराची पोई आणि कमी तिखटाचे भाजलेले मटण घेतले, तेव्हा कुठे ती वाईन बोलू लागली. म्हणजे ही एकट्याने ढोसायची वस्तूच नव्हे, घासाबरोबरची आहे.

पण मला खरे नवल वाटले ते लेबल वाचताना. चार-पाच युरोंची बाटली, पण तिला घर आहे, गाव आहे. जुझे मारिया द फोन्सेका या आझैतांवच्या जुन्या घराण्याची ही वाईन १८५० पासूनची. लिस्बनच्या दक्षिणेला सेतूबालच्या द्वीपकल्पात पेरिकीता नावाच्या मळ्यात त्यांनी कास्तेलांव जातीची द्राक्षे लावली. पुढे त्या भागात लोक द्राक्षालाच पेरिकीता म्हणू लागले.

नावाची ही राखण पोर्तुगालात जुनी आहे. पोर्त वाईनमध्ये भेसळ वाढली, भाव कोसळले, तेव्हा १७५६ साली पोंबालने दोरू नदीच्या खोऱ्याची हद्द ठरवून दिली आणि पुढे तिथे दगडी खांब रोवले गेले. हा तोच पोंबाल, ज्याच्या काळात १७७४ साली गोव्यातले इन्क्विझिशन पहिल्यांदा बंद झाले. आज युरोपात दोरूच्या खोऱ्याबाहेरच्या वाईनला पोर्त म्हणता येत नाही.

आणि आपण? आपल्याकडची गोड तांबडी वाईन आपण खुशाल पोर्त म्हणून विकतो, पर्यटकांना 'गोव्याची खासियत' म्हणून देतो. दुसऱ्याचे नाव उसने घेतो. आणि जे आपले स्वतःचे, त्याचे नाव टाकून देतो. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे अबकारीच्या दप्तरी ती नुसती 'देशी दारू' होती. दप्तरात काय लिहिले जाते याला फार महत्त्व असते, हे माझ्यासारख्या कारकुनाने वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, पाखल्यांचे कौतुक पुरे. मी कौतुक त्यांच्या राज्याचे करत नाही. काजूचे झाड त्यांनीच ब्राझीलहून आणले, पण बोंडू मळून भट्टी लावून फेणी गाळण्याची विद्या आपल्या माणसांची. त्या विद्येला नाव मिळावे, एवढेच म्हणणे आहे.

त्या रात्री वडिलांनी आपली फेणी मागितली. सत्तरीतून ओळखीच्या भट्टीवाल्याकडून आणलेली, पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलेली. उत्तम फेणी. बाटलीवर एक अक्षर नाही. मी विचारले, "भट्टी कोणाची?" वडिलांना गाव आठवला, माणसाचे नाव आठवेना. वीस वर्षे आम्ही त्याचीच फेणी पितो आहोत.

येत्या हंगामात मी स्वतः जाऊन त्याचे नाव विचारणार आहे, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवून ते लिहिणार आहे.