42 क्रमांकाला कुलूप कशासाठी?

14 एप्रिलला आपल्या वस्त्यांमधल्या मिरवणुका रात्री उशिरा संपतात. दुसऱ्या दिवशी, 15 एप्रिलला, तिकडे अमेरिकेत प्रमुख बेसबॉल लीगचा प्रत्येक खेळाडू, मग तो गोरा असो, काळा असो की लॅटिन, पाठीवर एकच क्रमांक घेऊन मैदानात उतरतो. तो क्रमांक 42, जॅकी रॉबिन्सनचा. एरवी वर्षभर हा क्रमांक कोणालाही मिळत नाही. 1997 साली लीगने तो सर्वच संघांतून कायमचा निवृत्त केला. ज्यांच्याकडे तो आधीपासून होता त्यांना ठेवू दिला. त्यांतला शेवटचा मारियानो रिव्हेरा 2013 मध्ये निवृत्त झाला आणि 42 ला कुलूप लागले.

थोरांचा क्रमांक असा बंद करावा की पुढच्या पिढीच्या पाठीवर द्यावा, हा वाद जगभर चालतो. आपल्याकडेही सचिन तेंडुलकरच्या 10 क्रमांकाची जर्सी 2017 मध्ये शार्दूल ठाकूरने घातली तेव्हा केवढा गहजब झाला होता! पण 42 चा प्रश्न केवळ धावा आणि विक्रमांचा नाही.

प्रमुख लीगमध्ये साठ वर्षांहून अधिक काळ काळ्यांना प्रवेश नव्हता. नियमपुस्तकात तसे कुठेही लिहिलेले नव्हते. मालकांची आपसातली समजूत होती. न लिहिलेले नियम किती कडक असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून रॉबिन्सन खेळला आणि ती भिंत फुटली. त्याआधी 1944 मध्ये, सैन्यात असताना, बसमध्ये मागच्या बाकांवर जायला नकार दिल्यावरून उद्भवलेल्या प्रकरणात त्याच्यावर लष्करी खटला चालला होता. त्यातून तो निर्दोष सुटला. म्हणजे हा माणूस मैदानात येण्यापूर्वीच लढणारा होता.

अशा माणसाचा क्रमांक दुसऱ्या कोणी घालू नये, हे म्हणणे भावनेला पटते. आम्हालाही प्रथम पटले होते. पण 1997 पूर्वी 42 घालणारे कोण होते ते पाहा. बोस्टन रेड सॉक्स हा काळ्या खेळाडूला संघात घेणारा सर्वांत शेवटचा संघ. त्याला 1959 साल उजाडावे लागले. त्याच बोस्टनकडून खेळताना मो वॉन या काळ्या खेळाडूने रॉबिन्सनच्या सन्मानार्थ मुद्दाम 42 मागून घेतला होता. तेच न्यूयॉर्क मेट्सच्या बुच हस्कीचे. या मुलांनी स्वतःहून वारसा खांद्यावर घेतला होता. लीगने सन्मान म्हणून जे केले, त्यामुळे त्यांच्यानंतर येणाऱ्या काळ्या पोराला तसे करण्याची वाटच उरली नाही.

आणि येणारी पोरे तरी किती उरली? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लीगमध्ये काळे अमेरिकन खेळाडू सुमारे 18 टक्के होते. 2024 च्या हंगामाच्या आरंभी ते 6 टक्क्यांवर आले. 2022 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही काळा खेळाडू नव्हता. 1950 नंतर असे प्रथमच घडले. क्रमांक भिंतीवर राहिला, माणसे मैदानातून गेली.

रॉबिन्सनला हे चांगले कळत होते. 15 ऑक्टोबर 1972 रोजी त्याच्या पदार्पणाच्या पंचविशीनिमित्त सत्कार झाला. तेव्हा दृष्टी अधू झालेला हा माणूस म्हणाला, की प्रशिक्षकाच्या जागेवर काळा चेहरा दिसेल त्या दिवशी मला याहून अधिक आनंद होईल. सत्काराला सत्काराच्याच व्यासपीठावरून दिलेले हे उत्तर! नऊ दिवसांनी तो वारला. पहिला काळा व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, 1975 च्या हंगामात मैदानावर आला.

आपल्या पळवणकर बाळूंच्या पाठीवर तर क्रमांकच नव्हता, त्या काळी ती रीत नव्हती. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चांभार गोलंदाजाला हिंदू संघाने कर्णधारपद कधी दिले नाही. ते 1923 मध्ये भाऊ विठ्ठल यांना मिळाले. (हेच बाळू 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पडले, तो विषय वेगळा.) त्यांच्या बाबतीतही खरा प्रश्न स्मारकाचा नव्हता, जागा कोणाला मिळते याचा होता.

आमचे मत असे, की 42 उघडावा. वाटेल त्याला वाटू नये. पण जो काळा खेळाडू मागेल, त्याला रॉबिन्सन कुटुंबाच्या संमतीने वर्षभर घालू द्यावा. 2007 मध्ये केन ग्रिफी ज्युनियरने एका दिवसापुरता तो मागितला होता, आणि 15 एप्रिलला सर्वांनी 42 घालण्याची प्रथा त्यातूनच निघाली. म्हणजे मागणाऱ्याने मागितले तेव्हाच क्रमांकात जीव आला.

एक दिवसाचा सन्मान मालकांना स्वस्त पडतो. मार्च 2025 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने रॉबिन्सनच्या सैन्यसेवेविषयीचे पान आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. ओरड झाल्यावर परत लावले. त्याच महिन्यात लीगनेही नोकरभरतीच्या पानावरून विविधतेचे उल्लेख हटवले. आणि पुढच्याच महिन्यात, 15 एप्रिलला, सगळ्यांच्या पाठीवर नेहमीप्रमाणे 42 होता.