तेच ते, पुन्हा तेच!

परवा रजा काढून बीदर-कलबुर्गीला जाऊन आलो. बसमध्ये कानात लॉस नाटास. ब्वेनोस आयरेसचं हे त्रिकूट १९९४ ते २०१२ वाजवत होतं. १९९९च्या अल्बमचं नाव तर 'सिउदाद दे ब्रामान', म्हणजे ब्रह्माचं शहर! सेर्जिओ चोत्सूरियानची जाड, खरखरीत गिटार एकच चाल घोळवत राहते, ड्रम मागून रेटतात. शेजारच्या मित्राने दोन मिनिटांत इयरफोन परत केला. म्हणाला, "नशेबाजांचं संगीत, तेच तेच."

संध्याकाळी कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात (ख्वाजा वारले १४२२ साली) कव्वाली ऐकली. एक ओळ, टाळी, पुन्हा तीच ओळ. चिश्ती लोक याला समा म्हणतात. मित्र डोळे मिटून डोलत होता!

हणजूणच्या हिप्प्यांमुळे आम्ही गोंयकार असल्या सुरांना गांजाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. हा मित्र वास्कोच्या दामोदर सप्ताहाला दरवर्षी जातो. तिथे भजन अखंड २४ तास चालतं.