न येणाऱ्या पाहुण्याची वाट

आमच्या घरचा जुना लॅपटॉप सुरू होण्यास दोन मिनिटे घेऊ लागला, तेव्हा तो मोडीत काढावा असे घरात बहुमत झाले. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाने मात्र निराळा उपाय सुचविला. "काका, यंत्र चांगले आहे. त्यातला सिस्टमडी काढून रनिट घालतो, म्हणजे झाले."

ही नावे पुष्कळ वाचकांस अपरिचित असतील. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा झाला की तो प्रथम एकच कारभारी नेमतो. डिस्क जोडणे, नेटवर्क उघडणे, पडदा उजळणे ही पुढील सर्व व्यवस्था त्याच्याकडे असते. जुना कारभारी सिस-व्ही-इनिट. मूळच्या पद्धतीत तो एक काम उरकल्यावाचून दुसऱ्यास हात लावीत नसे. २०१० साली लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनी सिस्टमडी पुढे आणला. एकाच चुलीवर आधी भात, मग वरण, असे न करता, ज्यांचे परस्परांवाचून अडत नाही अशी कामे तो एकदमच चढवितो. फेडोराने २०११ साली व डेबियनने २०१५ साली तो स्वीकारला. रनिट त्याहून आटोपशीर असून व्हॉइड लिनक्स त्यावरच चालते.

पुतण्याचे म्हणणे सर्वस्वी वावगे नव्हते. परंतु त्या यंत्रात आमच्या कैलासवासी मातोश्रींच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. कारभारी बदलताना चूक झाली तर यंत्र उठत नाही, आणि ते घाईने पुन्हा उभारताना असे ठेवे पुसले जातात. म्हणून आम्ही आधी प्रत काढविली. मग वेळ नेमका कोठे जातो ते पाहावयास सांगितले.

सुरू होतानाचे चित्र एस्केपची कळ दाबून बाजूस सारताच उलगडा झाला. सिस्टमडी डिस्कच्या एका विभागाची वाट पाहत होता. गेल्या दिवाळीत पुतण्याने शेजारीच दुसरे लिनक्स बसविले. त्या वेळी स्वॅपचा, म्हणजे स्मृती अपुरी पडल्यास वापरावयाच्या राखीव जागेचा, विभाग नव्याने आखला जाऊन त्याचा ओळख-क्रमांक बदलला. पहिल्या लिनक्सच्या एफएसटॅब फाइलीत मात्र जुनाच क्रमांक राहिला. त्या नावाचा पाहुणा उरलाच नव्हता. तरी त्याच्यासाठी रोज ९० सेकंद पान मांडून ठेवले जात होते! सिस्टमडीची नेहमीची मुदत तेवढीच असते.

ती एक ओळ दुरुस्त केली आणि यंत्र अर्ध्या मिनिटात उठू लागले.

"रनिट घातला असता तरी वेळ वाचलाच असता," पुतण्या म्हणाला. तेही खरे. तो कारभारी अशी वाट पाहत बसत नाही. विभाग सापडला नाही की पुढे जातो. पण मग स्वॅप मुळीच मिळाली नसती, चार कामे एकदम उघडताच यंत्र अडले असते, आणि दोष झाकून यश मात्र नव्या कारभाऱ्यास मिळाले असते.

कारभारी बदलूच नये, असे आमचे म्हणणे नाही. जेथे जुनी, एकामागून एक चालणारी पद्धत आहे, तेथे बदलाने खरोखरच लाभ होतो. तथापि सिस्टमडी असल्यास 'सिस्टमडी-ॲनालाइझ' ही आज्ञा कोणी किती वेळ खाल्ला याचा हिशेब देते. तो आधी पाहावा.

ओव्यांच्या प्रती आता तीन घरी आहेत.