अकरा इंचांचा हिशेब

या आठवड्यात सेलच्या जाहिराती पुन्हा पानभर झळकल्या आणि प्रत्येक टॅब्लेटची ओळख एकाच आकड्याने करून दिलेली होती: ११ इंच. त्या आकड्यावर विसंबून टॅब्लेट घेऊ नका, असं या स्तंभात याआधीही लिहिलंय. तरी विचारणा तीच होते: वाचायला, थोडं ब्राउझिंग करायला आणि फोटो पाहायला हवाय, दोन्ही अकरा इंचीच आहेत, मग स्वस्तातला का नको? म्हणून आज मुख्यतः त्या इंचांवरच लिहितो.

ॲपलचा २०२५ मध्ये आलेला साधा आयपॅड आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस, दोन्ही ११ इंची म्हणून विकले जातात. सॅमसंगची किंमत बरीच कमी आहे. पण इंच मोजतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. स्क्रीन लांबट केली तरी तिरपं माप तेच राहतं, रुंदी मात्र घटते. सॅमसंगच्या स्क्रीनची लांबी रुंदीच्या १.६ पट आहे, आयपॅडची साधारण १.४४ पट. ए४ कागदाची असते १.४१ पट. म्हणजे उभ्या आयपॅडवर ए४ पान जवळजवळ काठोकाठ बसतं. सॅमसंगवर तेच पान १४.८ सेंटिमीटर रुंदीत आवळलं जातं आणि वर-खाली मिळून पावणेतीन सेंटिमीटर जागा रिकामी राहते. आयपॅडवर रुंदी मिळते १५.८ सेंटिमीटर.

एका सेंटिमीटरने काय होतं? आता पिक्सेल बघा. पानाच्या रुंदीला आयपॅड १६४० पिक्सेल देतो, सॅमसंग १२००. ए४ पान २०० डीपीआयने स्कॅन केलं तर त्याची रुंदी भरते १६५४ पिक्सेल. आयपॅडवर ते जवळजवळ जसंच्या तसं उमटतं. सॅमसंगवर रुंदीतल्या दर चारांतला एकाहून थोडा जास्त पिक्सेल गळतो. इंग्रजी मजकूर एवढं सोसतो, देवनागरीला ते जड जातं. ‘वार्धक्य’मधला रफार शिरोरेघेला चिकटतो, ‘राष्ट्र’मधला जोड नुसता काळा ठिपका दिसतो, अनुस्वार आहे की छपाईतला डाग हे अंदाजाने ठरवावं लागतं. तळटिपांचं तर विचारूच नका. मग दोन बोटांनी पान मोठं करा, डावीकडून उजवीकडे सरकवा, पुढच्या ओळीसाठी पुन्हा मागे या. अर्ध्या तासात वाचणारा थकतो आणि टॅब्लेट कपाटात जातो.

कोणी म्हणेल, अक्षर मोठं करून घ्या. ईपुस्तक असेल तर जरूर करावं. पण जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, त्याबद्दल मंडळाचे आभार मानावेत तेवढे थोडे. मात्र स्कॅन म्हणजे पानाचं छायाचित्र. त्यातलं एकटं अक्षर मोठं होत नाही. आपल्या संस्था युनिकोडमध्ये पुस्तकं देत नाहीत तोवर मराठी वाचकाला चांगली स्क्रीन ही चैन नाही, गरज आहे. हे मी लिहीतच राहणार.

एक गोष्ट सॅमसंगच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. डेमी आकाराचं नेहमीचं पुस्तक लांबट असतं. ते दोन्हीवर सारख्याच आकाराचं दिसतं आणि छपाई ठसठशीत असेल तर सॅमसंग पुरतो. दिवाळी अंक, शोधनिबंध, सरकारी अहवाल यांची रुंद पानं वाचायची असतील तर मात्र पुरत नाही. नुसत्या कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याने दोन्ही सोडून साधं किंडल घ्यावं. ३०० पीपीआयचा ई-इंकचा पडदा डोळ्यांना सुखावतो. स्कॅनसाठी तो फार लहान आहे.

ब्राउझिंगसाठी यातला कुठलाही चालेल. फोटो टॅब्लेटने काढू नयेत, त्याला खिशातला फोन अधिक चांगला. फोटो पाहण्या-निवडण्यासाठी मात्र पुन्हा आकारच महत्त्वाचा: फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि तो आयपॅडवर मोठा दिसतो. साठवणुकीत सॅमसंग पुढे आहे, त्यात मायक्रोएसडी कार्ड बसतं, आयपॅडमध्ये बसत नाही. कॅमेऱ्यातल्या रॉ फाइल उतरवणार असाल तर आयपॅड १२८ जीबीचा घेऊ नका, वरचा घ्या.

वाचन हेच मुख्य काम असेल तर माझं मत आयपॅडला. पैसे कमी असतील तर नवा स्वस्त टॅब्लेट घेण्यापेक्षा पूर्वीचा, दहाव्या पिढीचा आयपॅड शोधा, त्याची स्क्रीन याच मापाची आहे. आणि दुकानात जाताना फोनमध्ये एका जुन्या दिवाळी अंकाची पीडीएफ घेऊन जा. काउंटरवरच्या टॅब्लेटवर डेमोचा व्हिडिओ चालू असेल, तो बंद करायला सांगा. आपली फाइल उघडा, टॅब्लेट उभा धरा आणि बोट न लावता एक अख्खं पान वाचा. दुकानदार फाइल उघडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.